जुन्या घरातल्या न्हाणीत शॉवर करायचाय, भिंतींना चुन्याचा गिलावा आहे – अनुभवी लोकांनी सांगा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वाईला आमचं घर आहे, आजोबांनी १९३१ साली बांधलेलं. खाली चार खोल्या, वर माडी, मागे परस. आई ७६ वर्षांची आहे आणि तिथेच राहते, पुण्याला यायला तयार नाही, मी शनिवार-रविवार जाऊन येते. न्हाणी मागच्या पडवीला लागून आहे, साधारण सात बाय पाच फूट, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंबाची जागा, आणि पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसातल्या अळवाला जातं. गेल्या पावसाळ्यात आई पाटावरून उठताना घसरली. हात टेकला म्हणून निभावलं, मनगट सुजलं तेवढंच, पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. तिला बसून अंघोळ करता येईल, धरायला दांडा असेल, पाय उचलून उंबरा ओलांडावा लागणार नाही अशी शॉवरची जागा करून द्यायचीय.

अडचण भिंतींची आहे. दीड फूट जाडीची भिंत, भाजकी वीट चुन्यात, आतून चुन्याचा गिलावा. उत्तरेकडच्या भिंतीला खालपासून अडीच फुटांपर्यंत पोपडे आलेत, हात लावला की पांढरी पूड पडते. इथल्या मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले सगळा चुना पाडून टाकू ताई, सिमेंटचं प्लास्टर मारू, वर टाइल, आठ दिवसांत काम ओके. मला ते एवढं सोपं वाटत नाहीये म्हणून इथे विचारतेय. कुणी जुन्या चुन्याच्या भिंतीवर शॉवर केलाय का? काय चुकलं, काय बरोबर आलं ते सगळं सांगा.

तिसरा_मजला:
आम्ही मागच्या वर्षी फ्लॅटमधलं बाथरूम केलं, जुन्या टाइल काढल्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, नवीन टाइल, बारा दिवस लागले. तुमचे मिस्त्री सांगतायत ते बरोबरच वाटतंय, सिमेंट मजबूत असतं, चुना कशाला ठेवायचा? ओल पण बंद होईल.

गवंड्याचा_नातू:
थांबा थांबा, घाई करू नका. फ्लॅटची आरसीसीची भिंत आणि वाईची १९३१ची भिंत यांचा धर्मच वेगळा आहे.

माझे आजोबा गवंडी होते, चुन्याच्या घाणीवर त्यांचं लहानपण गेलं. दगडी गोल चर, त्यात दगडी चाक, बैल फिरतोय, आणि चुना, वाळू, सुरखी (विटेची पूड) तासन् तास मळली जातेय, पुढे कामाप्रमाणे गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, कुठे तागाचे तुकडे. आपल्याकडे पोर्टलंड सिमेंटचं उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झालं, आणि त्यानंतरही तालुक्याच्या गावांमधली घरं बरीच वर्षं चुन्यातच बांधली जात होती. तुमचं घर त्याच काळातलं.

चुन्याची भिंत पाणी घेते आणि पाणी सोडते. जमिनीतून थोडी ओल चढली तरी ती गिलाव्यातून बाहेर उडून जाते. तिच्यावर सिमेंटचं घट्ट प्लास्टर मारलं की ओल आत कोंडली जाते, मग ती वर चढते, आज अडीच फुटांवर आहे ती चार फुटांवर दिसेल, किंवा पलीकडच्या खोलीत निघेल. तुम्ही जी पांढरी पूड म्हणताय तो लोणा. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडतं, क्षार तिथेच साठतात आणि फुगतात. आज ते गिलाव्याच्या पृष्ठभागावर फुगतायत, पोपडे पडतायत, ते परवडलं. सिमेंटच्या मागे फुगले तर विटेचा चुरा करतात, आणि एक दिवस टाइलसकट अख्खा पापुद्रा सुटून येतो. मी हे सातारा रोडच्या एका जुन्या घरात डोळ्यांनी बघितलंय, टाइल वाजवली की बद्द आवाज, आणि काढली तर मागे विटेचं पीठ.

म्हणून आधी शॉवर विसरा, ओल कुठून येतेय ते शोधा. एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसलं तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे. हे खाली, मध्ये, वर असं तीन ठिकाणी करा. आणि ती भिंत बाहेरून कशी आहे, तिकडे काय आहे, तेही लिहा.

जर्सीकर:
मी न्यू जर्सीत असतो, आमचं घर १९२६चं. इथली जुनी घरं आपल्यासारखी विटेची नाहीत, लाकडी सांगाडा, त्यावर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, दीड इंच रुंद आणि पाव इंच जाड, मध्ये बारीक फटी सोडलेल्या आणि त्यावर प्लास्टर. ओलं प्लास्टर त्या फटींतून मागे जातं आणि आकडा घातल्यासारखं अडकून बसतं, त्याच्यावरच सगळं टिकून असतं. आम्ही टब काढून शॉवर केला तेव्हा पहिल्या दिवशी हातोड्याने सुरुवात केली आणि पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला तीन फुटांची भेग गेली, कारण हादऱ्याने ते मागचे आकडेच तुटले. मग काम थांबवून आधी कटरने चौकोन कापून घेतला आणि मग तेवढाच भाग हळूहळू काढला.

कृष्णाकाठ ताई, तुमची भिंत वेगळी असली तरी एवढं घ्या, जो भाग काढायचाय त्याच्या कडेने आधी कटरची रेघ मारून घ्या, म्हणजे शेजारचा चांगला गिलावा हलणार नाही.

बाकी आमच्याकडच्या गोष्टी, कुणी अमेरिकेत वाचत असेल तर: घरांसाठीचा शिशाचा रंग इथे १९७८मध्ये बंद झाला, त्यामुळे त्याआधीच्या घरात तोडफोड करण्याआधी रंगाची तपासणी करून घ्या, घरात लहान मूल असेल तर अजिबात हयगय नको. टबचा ड्रेन दीड इंचाचा होता, शॉवरसाठी आमच्या गावच्या इन्स्पेक्टरने दोन इंचाचा मागितला, त्यामुळे खालची जमीन उघडावी लागली, आणि उघडल्यावर दिसलं की आधीच्या कुणी प्लंबरने पाइप घालायला तुळईच अर्धी कापून ठेवलीय. ती आधी सांधून घेतली. जुन्या प्लास्टरची आणि पट्ट्यांची जाडी मिळून जवळजवळ एक इंच भरते आणि नवीन सिमेंट बोर्ड अर्ध्या इंचाचा, तो फरक मागे लाकडी पट्ट्या मारून भरला नाही तर टाइल आणि जुनी भिंत कधीच एका लेव्हलला येत नाहीत.

पान_लागलं_नाही:
मी इलेक्ट्रिकचं काम करतो. ताई, घर १९३१चं म्हणजे वायरिंग लाकडी पट्टीतलं असेल तर अर्थिंग आहे का ते आधी टेस्टरने नाही, नीट मीटर लावून बघून घ्या. बऱ्याच जुन्या घरांत थ्री पिन बोर्ड नवीन बसवलेला असतो पण तिसरी वायर मागे कुठेच गेलेली नसते. ओल्या भिंतीत गीझरचा करंट उतरला तर नळाला हात लावणारा माणूस जातो हो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बोर्डात टाका, गीझरला वेगळी लाइन ओढा, १६ अँपिअरचा पॉइंट, स्विच न्हाणीच्या बाहेर.

आणि कृपा करून कुणीही गॅस गीझर आत लावायचा सल्ला देऊ नका. बंद न्हाणीत तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, माणसाला गुंगी येते आणि कळतही नाही. म्हातारं माणूस आत एकटं, दार लावलेलं. नकोच.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. गेल्या शनिवारी प्लास्टिक लावलं, सोमवारी आईने फोनवर सांगितलं. खालच्या तुकड्याच्या आतून पाणीच पाणी, मधल्याला थोडं दव, वरचा पूर्ण कोरडा. म्हणजे ओल भिंतीतूनच आणि खालूनच येतेय.

बाहेरच्या बाजूला परस आहे, भिंतीलगत पूर्वी दगडी चर होता म्हणे, आता मातीने भरून गेलाय. वर कौलांची वळचण आहे आणि पत्र्याची पन्हळ. अर्थिंग खरंच नाहीये, बोर्ड उघडून घेतला, तिसरी पिन रिकामी. अंगावर काटा आला बघून. एवढी वर्षं तिथे पाणी तापवायचा रॉड लावत होतो.

जांभा_चिरा:
पन्हळीचा जोड कुठे येतो ते बघा आधी. आमचं घर देवगडकडे, जांभ्याचं. दोन पावसाळे आम्ही न्हाणीतली ओल म्हणून आतून काय काय लावत होतो, निघालं काय तर पन्हळीचा जोड गंजून बरोबर त्या कोपऱ्यावर धार पडत होती. तुम्ही माडीवरून बादलीभर पाणी पन्हळीत ओता आणि कुणाला तरी खाली उभं करा. आणि भिंतीला लागून माती चढलीय म्हणताय ती खणून जोत्याच्या खाली न्या, आतल्या जमिनीपेक्षा बाहेरची माती वर असेल तर भिंत रोज पाणी पिणारच.

गवंड्याचा_नातू:
जांभा_चिरा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि नळाची लाइन पण तपासा, ताई. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खडूने मार्क करा, सकाळी बघा.

कृष्णाकाठ:
दोन्ही निघालं! पन्हळीचा जोड न्हाणीच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर फुटलाय, बादली ओतली तर पाणी सरळ भिंतीवरून खाली. आणि टाकी रात्रीत दोन बोटं उतरली. भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून कोपऱ्यात झिरपतोय, बाबांनी १९७०च्या आसपास तो भिंतीत घातला होता. पन्हळ बदलली, तो पाइप दोन्हीकडून बंद करून टाकला, चर मोकळा करायला दोन माणसं लावली, खाली जुनी दगडी नाली तशीच आहे, सव्वा फूट मातीखाली गेली होती. आई चराजवळ खुर्ची टाकून बसली होती, म्हणाली तुझे आजोबा दर वैशाखात हा चर साफ करून घ्यायचे.

आता फेब्रुवारी आहे. भिंत वाळू देऊ का लगेच काम सुरू करू?

गवंड्याचा_नातू:
वाळू द्या. जाडीच्या दर इंचाला महिना असा जुन्या लोकांचा हिशोब, पण दोन्ही बाजूंनी मोकळी असेल आणि वाईचं उन्हाळ्याचं ऊन मिळालं तर मे पर्यंत बरीच सुकेल. फक्त आतून पोपडे आलेला भाग आत्ताच पाडून ठेवा, वीट उघडी पडू दे, सांधे अर्धा इंच खरवडून घ्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुवायचा नाही, धुतला तर तो परत विटेत जिरतो. दर आठवड्याला झाडा.

आता पुढचं. शॉवरचं पाणी थेट जुन्या भिंतीवर मारायचंच नाही असं माझं मत. उत्तरेची भिंत जी आजारी आहे तिला हातच लावू नका, तिच्यापासून दीड-दोन इंच अंतर सोडून साडेचार इंची विटेची नवीन भिंत आतून उभी करा, सात फुटांपर्यंत. खाली आणि वर बारीक जाळ्या ठेवा, म्हणजे मधल्या फटीत हवा खेळेल. ओल्या जागेचं सगळं पाणी, नळ, टाइल, दांडा त्या नव्या भिंतीवर. जुनी भिंत मागे मोकळा श्वास घेत राहील. बाकीच्या दोन बाजूंना गिलावा घट्ट असेल, वाजवून बद्द आवाज येत नसेल तर शॉवरच्या जागेपुरताच काढा आणि तिथे नुसतं सिमेंट नको, एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा माल लावा, मग त्यावर वॉटरप्रूफिंग.

तिसरा_मजला:
माझ्या पहिल्या उत्तराबद्दल सॉरी, मला खरंच हे माहीत नव्हतं, माझ्या सासऱ्यांच्या मिरजेच्या घरात नेमकं असंच सिमेंट मारून ठेवलंय आणि आता ओल जिन्यापर्यंत गेलीय, आज कळलं का ते. एक शंका, नवीन भिंतीला वीट कशाला, एएसी ब्लॉक (सच्छिद्र हलक्या काँक्रीटचा) हलका पडेल ना? किंवा बोर्ड?

गवंड्याचा_नातू:
तळमजला आहे, वजनाचा प्रश्न नाही. ब्लॉक पाणी फार पितो आणि त्यात साधा फास्टनर धरत नाही, इथे आईंनी सगळा भार टाकून धरायचा दांडा बसवायचाय. बोर्ड लावला तर त्याच्या मागे दांड्याच्या जागी लोखंडी चौकट द्यावी लागेल. भाजकी वीट घ्या, खाली सहा इंचांचा पीसीसीचा, म्हणजे सळईशिवायच्या साध्या काँक्रीटचा पट्टा देऊन त्यावर उचला. दांडा जिथे येणार तिथला एक थर मात्र काँक्रीटचा भरा.

जर्सीकर:
दांड्याबद्दल: इथे अपंगांसाठीच्या सोयींच्या नियमात उंची ३३ ते ३६ इंच धरतात आणि बसायच्या जागेची १७ ते १९ इंच. पण काकूंना उभं करून त्यांचा हात सहज जातो तिथे पेन्सिलीने खूण करा, ती उंची खरी.

चाळकरी:
मध्येच विचारतो, माफ करा. गिरगावात आमची चाळ आहे, लाकडी तुळया, कडीपाटाचा मजला, दुसऱ्या माळ्यावर. मोरी मोठी करून शॉवर करायचा विचार चाललाय. हेच सगळं चालेल का? साडेचार इंची भिंत वगैरे?

गवंड्याचा_नातू:
अजिबात नाही! चाळकरी, तुमच्याकडे वजन हाच पहिला प्रश्न. हिशोब करा, दोन इंच जाड माल एका चौरस फुटाला जवळजवळ दहा किलो. चार बाय सहाची मोरी म्हणजे चोवीस चौरस फूट, नुसत्या बेडचेच सव्वादोनशे-अडीचशे किलो, वर टाइल, वर पाण्याने भरलेला गीझर. ते सगळं शंभर वर्षं जुन्या तुळईवर, जिचं टोक भिंतीत ओलीने कुजलेलं असू शकतं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळईची टोकं टोचून बघायला सांगा, इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे विचारा, आणि मग ठरवा. तुमच्याकडे हलका बोर्ड, पातळ बेड आणि तयार ट्रे हाच रस्ता. आणि खालच्या बिऱ्हाडाशी आधी बोला.

चाळकरी:
धन्यवाद, हे वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं. इंजिनिअर बघतो.

कृष्णाकाठ:
एप्रिलअखेर अपडेट. भिंत बघवत नव्हती आधी, आता वीट लालभडक दिसायला लागलीय, प्लास्टिक परत लावून बघितलं, अगदी पुसट दव. काम सुरू केलं. मिस्त्री बदलले नाहीत, हा धागाच त्यांना वाचून दाखवला. सुरुवातीला नाराज होते, मग म्हणाले माझ्या वडिलांनी चुन्याची कामं केलीत, मलाच कधी कुणी सांगितलं नाही करायला.

आता प्रश्न शॉवरचा. टाकी परसात लोखंडी स्टँडवर आहे, तळ जमिनीपासून चौदा फूट. दुकानदार छताचा मोठा रेन शॉवर दाखवतोय आणि भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक). चालेल का?

पाणी_जपून:
प्लंबिंगमध्ये वीस वर्षं आहे, मी सांगतो. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर. तुमची टाकी चौदा फूट, शॉवरचं तोंड साडेसहा फुटांवर, मधला फरक साडेसात फूट, म्हणजे पाव बारसुद्धा नाही. रेन शॉवरमधून नुसते थेंब टपकतील. प्रेशर पंप लावता येतो, पण टाकीनंतर लावायचा, नगरपालिकेच्या लाइनला थेट कधीच नाही. लाइट गेली की तो बंद, आई अंगाला साबण लावून बसलेल्या, हे चित्र मला पटत नाही.

त्यापेक्षा टाकीपासून न्हाणीपर्यंत एक इंची पाइप आणा, आत पाऊण, आणि फक्त शेवटच्या पॉइंटला अर्धा. कोपर कमीत कमी. हँड शॉवर घ्या, वरखाली सरकणाऱ्या दांडीवर, मोठ्या भोकांचा. गरम आणि गार दोन्ही त्याच टाकीतून घ्या, नाहीतर एकाचं प्रेशर दुसऱ्याला ढकलतं. आणि भिंतीतला डायव्हर्टर नको, बाहेरचा वॉल मिक्सर घ्या. तो बिघडला तर पान्याने अर्ध्या तासात बदलतो, आतला बिघडला तर टाइल फोडावी लागते आणि तीच टाइल पाच वर्षांनी मिळत नाही. सगळा सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप घाला, आणि भिंत बुजवायच्या आधी टोकं बंद करून हातपंपाने प्रेशर द्या, काट्यावर खूण करा, रात्रभर ठेवा. प्लंबर म्हणेल गरज नाही. ऐकू नका.

न्हाणी ट्रॅप दोन इंच पाणी धरून ठेवणारा घ्या, तेवढं पाणी खाली अडलेलं असेल तर वास आणि झुरळं येत नाहीत. जमिनीला उतार चार फुटांना एक इंच, त्याहून जास्त दिला तर आईंचं स्टूल डगमगेल.

कृष्णाकाठ:
सगळं ऐकलं. मिक्सर बाहेरचा, हँड शॉवर. आईला रंग विचारला तर म्हणाली पाय घसरणार नाही असा. खरखरीत मॅट टाइल घेतली, एक फूट बाय एक फूट, म्हणजे उतार नीट बसतो असं मिस्त्री म्हणाले. उंबरा काढून टाकला, दारापाशी अर्धा इंच उतरण आणि आडवी लांब जाळी.

मग पाण्याची टेस्ट. वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले, पहिला आडवा दुसरा उभा, कोपऱ्यांना जाळीची पट्टी आणि मालाची गोलाई. ट्रॅपला बूच मारून, दारापाशी तात्पुरता विटेचा बांध घालून तीन इंच पाणी भरलं आणि पेन्सिलीने रेघ मारली. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून शेजारी एक बादलीही भरून ठेवली, उन्हाने किती उडतं ते कळावं. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली जेमतेम एक रेघ उतरलेली आणि जमिनीवरचं पाणी पाऊण इंच खाली! मिस्त्री म्हणाले ताई उन्हाळा आहे, वाफ झाली. मी बादली दाखवली. ते काही न बोलता गुडघ्यावर बसले, ट्रॅपच्या गळ्याभोवती बोट फिरवलं, एका जागी केसाएवढी फट, तिथे बोट लावलं की बारीक बुडबुडा यायचा. तेवढा भाग फोडून परत भरला, जाळी लावली, परत दोन हात, चार दिवस गेले. दुसऱ्या टेस्टला बहात्तर तास ठेवलं, दोन्ही रेघा बरोबरीने उतरल्या. मिस्त्रींनी ती बादलीची युक्ती पुढच्या कामाला पण वापरायचं ठरवलंय.

पान_लागलं_नाही:
उत्तम! अर्थिंगचं काय झालं?

कृष्णाकाठ:
परसात नवीन अर्थिंग केलं, न्हाणी आणि स्वयंपाकघराची वायरिंग बदलली, आरसीसीबी टाकली, टेस्टचं बटण दाबलं की खट्कन पडते. गीझर पंधरा लिटरचा, त्या उत्तरेच्या भिंतीवर टांगायचं धाडस केलं नाही, पडवीच्या बाजूच्या भिंतीला आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी दिलीय.

जांभा_चिरा:
काकूंना आवडलं का?

कृष्णाकाठ:
पहिले आठ दिवस तिने हँड शॉवरला हातच लावला नाही, स्टुलावर बसून बादली-तांब्याच. मी काही म्हटलं नाही. मग एका सकाळी मी आलेली असताना तिने आतून हाक मारली, पाठीवर पाणी सोड म्हणून. तिच्या हाताला तो दांडा होता, पकडून नीट बसली होती. मी कोमट पाणी सोडलं, तर म्हणाली आणखी गरम कर, बंबाचं असायचं तसं. आता स्वतः घेते, केस धुवायला सोपं जातं म्हणते. दांड्याला दादाने लोंबकळून बघितलं, तो ८५ किलोचा आहे, हललासुद्धा नाही. तांब्याचा बंब चिंच लावून घासून पडवीत ठेवलाय, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला त्याचंच पाणी हवं असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय. न्हाणीचं पाणी पाइपने अळवाला अजून जातं, ते बंद करू दिलं नाही.

तिसरा_मजला:
खूप छान वाटलं वाचून. सासऱ्यांच्या घरचं सिमेंट काढायचं ठरवलंय, हाच धागा प्रिंट काढून नेतोय. चुना कुठून आणला तेवढं सांगा ना.

कृष्णाकाठ:
कळीचा चुना बाजारात मिळाला. पिंपात भिजवून पंधरा दिवस पाण्याखाली ठेवला, मिस्त्री म्हणाले जेवढा जास्त मुरेल तेवढा चांगला. भिजवताना तो उकळतो आणि उडतो, चष्मा आणि हातमोजे घालूनच करा, पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका.

आता जून संपत आलाय, गेले चार दिवस पाऊस धो धो आहे. काल नव्या भिंतीच्या वरच्या जाळीतून टॉर्च मारून मागची जुनी भिंत बघितली, वीट कोरडी आहे, कोपऱ्यात पण. माडीच्या जिन्यापाशी मात्र एक नवीन डाग दिसतोय, हातभर लांब. तिथे आधी प्लास्टिक लावते आणि मग वेगळा धागा काढते.